तिसरा नमुना

कॉलेजात चारशेच्या वर पोरं-पोरी, पण गेल्या पंधरा दिवसांत दुखण्यावरची एकही गोळी घेतली नाही असा माणूस काही सापडेना.

सिद्धी वही घेऊन तीन दिवस फिरत होती. हॉस्टेलच्या मुलींनी प्रश्न ऐकूनच हात झटकले. दर महिन्याला पोट दुखतं, गोळीवाचून कोण राहतंय? क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचे खांदे धरलेले. ऑफिसातल्या क्लार्कचं डोकं दर सोमवारी चढायचं. तिचे गाईड औटी सर, त्यांनी तर प्रश्न पुरा व्हायच्या आत कमरेवर हात ठेवला आणि "माझं नाव लिहूच नकोस," म्हणाले. फार्मसीचं कॉलेज. गोळ्यांची सगळ्यांना माहिती, त्यामुळे गोळीची भीती कुणालाच नाही.

रडतखडत दोन नावं जमली. एक सिद्धीचं स्वतःचं. दुसरं तिच्या वर्गातल्या पिंटूचं. त्याला लहानपणापासून गोळी गिळताच येत नसे, म्हणून तो कधी घेत नसे. तिसरं नाव मिळेना, आणि तीन वेगवेगळ्या माणसांच्या रक्तावर परीक्षा झाल्याशिवाय प्रोजेक्ट पुढं सरकणार नव्हता.

निर्मला बेसिनपाशी नळ्या धूत हे ऐकत होती. आळेफाट्याजवळच्या या कॉलेजात ती नऊ वर्षं लॅब अटेंडंट होती. बारावी सायन्सला असताना लग्न झालं आणि शिक्षण तिथंच थांबलं. पण हाताला काचेची सवय अशी लागली होती, की नऊ वर्षांत तिच्या हातून फुटलेली भांडी एका हाताच्या बोटांवर मोजावीत. नळ बंद करून ती म्हणाली,

"आमच्या आत्या देतील की रक्त. त्यांनी जन्मात गोळी घेतली नाही."

सिद्धीनं वळून पाहिलं. "सरुआजी? देतील त्या?"

"त्यांच्याच पाल्याची परीक्षा चाललीय. न देऊन काय करतील?"

ते खरंच होतं. पाला निर्मलाच्या सासूचा, सरुबाईचाच होता.

दोन वर्षांपूर्वी सिद्धी कॉलेजच्या पायरीवरून घसरली आणि तिचा घोटा नारळाएवढा सुजला. ती मंचरच्या लालचंद शेठची मुलगी. त्यांचं बाजारपेठेत धान्याचं दुकान. जैन घराणं, मूळचं राजस्थानातलं, पण चार पिढ्या इथंच गेल्या, घरात सगळे मराठीच बोलतात. निर्मलानं दुसऱ्या दिवशी निमगाव सावाहून सासूनं वाटून दिलेला हिरवा लगदा डब्यात आणला, तिच्या घोट्यावर थापला आणि फडक्यानं बांधला. तिसऱ्या दिवशी सिद्धी चप्पल घालून आली. आता बर्फानंही शेकलं होतं, पाय वरही ठेवला होता, त्यामुळे पाल्यानं किती केलं आणि बाकीच्यानं किती, हे कुणी सांगावं? पण एम. फार्मला विषय निवडायची वेळ आली तेव्हा सिद्धीनं पहिली चौकशी त्या पाल्याची केली.

सरुबाईच्या माहेरी त्या झुडपाला सुजमोड म्हणत. गुडघ्याएवढं उंच, खरखरीत पानांचं, दसऱ्यानंतर फिकी जांभळी फुलं येणारं. मेंढ्या घेऊन पठारावर फिरताना मेंढीचा पाय मुरगळला, खुराच्या वर सूज आली, की जुनी माणसं हाच पाला लावायची. मेंढरं कमी झाली, शेती वाढली, सरुबाईचा नवरा जानकू गेला, आता घरी अकरा मेंढ्या उरल्यात. पाला मात्र राहिला आणि मेंढ्यांवरून माणसांवर आला. निमगावातच नव्हे, आजूबाजूच्या गावांतूनही कुणी लंगडत आलं की लोक सरुबाईचं घर दाखवायचे. ती पैसा घेत नसे. "पाला रानाचा, मी निस्ती वाटते," म्हणायची.

औटी सरांनी आधी झाडाची फांदी दाबून, वाळवून पुण्याला पाठवली. तिथल्या वनस्पतीशास्त्राच्या माणसांनी शास्त्रीय नाव पक्कं करून दिलं. मग नोव्हेंबरात सिद्धी आणि निर्मला सरुबाईबरोबर पठाराच्या उतारावर गेल्या आणि दोन पोती पाला आणला. सावलीत वाळवला, दळला, अल्कोहोलमध्ये त्याचा अर्क काढला. काळपट हिरवा, चिकट, बाटलीच्या तळाशी जेमतेम दोन चमचे.

उंदरांवर करायची परीक्षाही होती. औषध टोचून उंदराचा पंजा सुजवायचा, मग अर्क देऊन सूज किती उतरते ते मोजायचं. पण सिद्धीच्या आजीनं, धापूबाईंनी, अ‍ॅडमिशनच्या दिवशीच नातीकडून वचन घेतलं होतं की मुक्या जिवाला सुई लावायची नाही. सिद्धीनं ते सरांना आधीच सांगून टाकलं. सर म्हणाले, "मग नळीतल्या परीक्षा कर. कमी दर्जाच्या नाहीत त्या, फक्त दावा जपून करायचा."

पहिली परीक्षा डिसेंबरात झाली. गडद जांभळ्या द्रवात अर्क घातला. शरीरातल्या पेशींना गंज चढवणारे जे घटक असतात त्यांना औषध किती आवरतं, हे त्या जांभळ्या रंगाच्या उतरण्यावरून कळतं, असं सिद्धीनं निर्मलाला समजावलं होतं. अर्ध्या तासात द्रव पिवळा पडला. निर्मला हातातलं काम टाकून बघत राहिली. घरी जाऊन तिनं सासूला सांगितलं, तर सरुबाई म्हणाली, "रंग उडाला? मग त्यात काय नवल? लुगड्याचा रंगबी पाल्याच्या डागानं उडतो." पण त्या दिवशी तिनं चार जणींना ते बोलावून सांगितलं.

दुसरी परीक्षा रक्ताची. फिक्या मिठाच्या पाण्यात रक्तातल्या तांबड्या पेशी फुगतात आणि फुटतात, पाणी लाल होतं. सूज आवरणारं औषध असेल तर पेशीचं आवरण टिकून राहतं, पाणी फिकं राहतं. एका नळीत सुजमोडीचा अर्क, एका नळीत ठरलेलं औषध, डायक्लोफेनॅक, आणि एक नळी नुसती, तुलनेसाठी. म्हणूनच रक्त देणाऱ्यानं पंधरा दिवस दुखण्यावरची गोळी घेतलेली चालत नव्हती.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सरुबाई नवं नऊवारी नेसून, मुलाच्या पिकअपमध्ये पुढं बसून कॉलेजात आली. मुलगा गोरक्ष टोमॅटो घेऊन नारायणगावला चालला होता, जाता जाता आईला सोडून गेला. नर्सबाईनं दंडाला पट्टा बांधला.

"भ्याव वाटतंय का आजी?"

"मेंढरांची बाळतपणं केली मी. तू काढ."

संमतीचा अर्ज निर्मलानंच भरला. नाव, गाव, वय अठ्ठावन्न. साठच्या आत असल्यानं नियमात बसत होतं. मग प्रश्न होता: गेल्या पंधरा दिवसांत वेदनाशामक औषध घेतलं आहे काय? निर्मलानं सासूकडं न बघताच 'नाही'समोर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडं गेली. सरुबाई दंडाकडं बघत होती. शेवटी तिनं तिरकी, जोडून काढलेली सही केली.

सिद्धीच्या आणि पिंटूच्या रक्ताची परीक्षा आधीच झाली होती. दोन्हींचे आकडे एकमेकांशी जुळले होते. सरुबाईच्या रक्तानं सगळा घोळ केला.

ज्या नळीत कुठलंच औषध नव्हतं, तिथलं पाणी लालभडक व्हायला हवं होतं. ते गुलाबीच राहिलं. सिद्धीनं नळी उजेडात धरली, खाली ठेवली, पुन्हा धरली. उरलेल्या रक्तावर तिनं सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच.

"ताई," ती निर्मलाला म्हणाली, तिचा आवाज चढला नव्हता, पण ती दमली होती, "नळ्या नीट खळबळल्या होत्या ना? साबण राहिला असेल का?"

निर्मलानं नळ्यांचा स्टँड खाली ठेवला. तिच्या कामावर नऊ वर्षांत कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"साबण राहिला असता तर पेशी जास्त फुटल्या असत्या. तूच शिकवलंयस मला. इथं तर फुटायलाच तयार नाहीत."

सिद्धी ओशाळली. "खरं आहे तुमचं. मग मिठाचंच पाणी चुकलं माझं." तिनं मीठ पुन्हा तोललं, पाणी पुन्हा बनवलं. तरी गुलाबी ते गुलाबीच. औटी सर म्हणाले, "वयामुळं असेल, कशामुळंही असेल. एकाच माणसावरून काही म्हणता येत नाही. पुढच्या आठवड्यात आजींचं रक्त पुन्हा घेऊ."

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी निर्मला जीपमधून निमगावात उतरली आणि गोरक्षच्या खोकल्याचं औषध घ्यायला मेडिकलमध्ये गेली. दुकान सुनीलचं, तो गावातलाच. त्यानं बाटली पुढं केली आणि विचारलं,

"वहिनी, सरुमावशीच्या गोळ्या देऊ का संगं?"

"कसल्या गोळ्या?"

"गुडघ्याच्या. दहा-बारा दिसांनी नेत्यात. या खेपंला आल्या न्हाईत, म्हणून म्हनलं." बोलता बोलता त्यानं चंदेरी पाकीट काउंटरवर ठेवलंही. मग निर्मलाचा चेहरा पाहून त्याचा हात तिथंच थांबला. "तुमाला ठाव न्हाई व्हय?"

निर्मलानं पाकीट उलटं केलं. मागं बारीक इंग्रजी अक्षरं होती. ती वाचायला तिला वेळ लागला नाही, कारण हेच नाव ती लॅबच्या तिसऱ्या फळीवरच्या बाटलीवर रोज पुसत होती. डायक्लोफेनॅक.

"कधीपासनं नेतायत?"

"दोन वरसं तरी झाली असतील," सुनील म्हणाला. "पडल्या व्हत्या न्हाई का त्या विहिरीवर? तवा डॉक्टरनं पाच दिसांच्या लिहून दिल्या व्हत्या."

"पाच दिवसांच्या."

"मावशीला न्हाई कसं म्हनायचं, वहिनी?"

निर्मलानं बाटली घेतली, पाकीट तिथंच ठेवलं. घरापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा. तेवढ्यात तिच्या मनात दोन गोष्टी उभ्या राहिल्या. सांगितलं, तर कॉलेजभर आणि मग गावभर होईल की सरुबाईचा पाला सरुबाईलाच लागू पडत नाही. गप्प बसलं, तर सिद्धी आठवडाभरानं पुन्हा तेच रक्त घेईल, आणि तिची सगळी मेहनत चुकीच्या आकड्यावर उभी राहील. आणि त्या अर्जावर खूण कुणी केली होती? तिनंच.

सासू अंगणात बसून मेंढीच्या पायाला पाला बांधत होती. मेंढी लंगडत होती खरी, पण पळायला बघत होती. निर्मलानं पिशवी ओट्यावर ठेवली आणि मेंढीची मान धरली. गाठ बसू दिली. मग म्हणाली,

"आत्या, सुनीलच्या दुकानात गेले व्हते."

सरुबाईचे हात फडक्यावर तसेच राहिले. मग तिनं मेंढीच्या पाठीवर थाप मारून तिला सोडून दिलं.

"भाड्या गप बसंल असं वाटलं व्हतं."

"तो चुकून बोलला. आत्या, तुमी मला का न्हाई सांगितलं? रक्त देताना तरी!"

"तू इचारलंस कुठं?" सरुबाई म्हणाली. रागानं नाही, असंच. "कागुद तूच भरलास. तूच समद्यांना सांगत फिरलीस, आमच्या आत्यानं जन्मात गोळी घेतली न्हाई. आता त्या येवढ्या पोरांम्होरं मी काय म्हनू? की घेते बाई, रोज दोन घेते?"

"रोज दोन?"

"थंडीची तीन."

निर्मला ओट्यावर बसली. सरुबाईनंच पुढं सांगितलं. विहिरीवर पडली तेव्हा पहिल्या दिवसापासून पाला लावला होता. सूज चार दिवसांत गेली, पण दुखणं राहिलं. सकाळी उठताना गुडघ्यात वाळू भरल्यासारखं व्हायचं. पाला बांधला, शेकला, तेल चोळलं, काही होईना. गोळी घेतली की अर्ध्या तासात चालता यायचं.

"पाला खोटा न्हाई ग," ती म्हणाली. "ताज्या सुजंला तो चालतो, मेंढराला बी, मानसाला बी. पन ह्यो गुडघा सुजल्याला न्हाई, झिजल्याला हाय. मला कळत व्हतं. पन लोकं काय म्हनतील? दुसऱ्याला पाला बांधती आन् आपुन गोळी गिळती."

"मग आता?"

सरुबाईनं हात पाण्यानं धुतले, पदराला पुसले. "त्या पोरीचं काम अडलंय का माज्यापायी?"

"अडलंय. तुमच्या रक्ताचा आकडा बाकीच्यांशी जुळंना. ती पहिल्यांदा मलाच म्हणाली, नळ्या नीट धुतल्या न्हाईत."

हे मात्र सरुबाईला लागलं. "तुला म्हनली?" ती उठताना गुडघ्यावर हात ठेवून थांबली आणि मग सरळ झाली. "उद्या मी येते संगं. मी सांगीन. तू मधी बोलू नगंस."

दुसऱ्या दिवशी सरुबाई कॉलेजात आली, पण या वेळी नऊवारी नवं नव्हतं. लॅबमध्ये सिद्धी आणि औटी सर दोघंही होते. सरुबाई स्टुलावर बसली नाही. टेबलाच्या कडेला धरून उभी राहिली आणि म्हणाली,

"पोरी, माजं रक्त काढून टाक तुज्या हिशोबातनं. मी गोळ्या खाते. दोन वरसं झाली. निर्मलेला ठाव नव्हतं, तिचा काय दोष न्हाई. तिच्या नळ्या चकाचक असत्यात."

सिद्धीनं सरांकडं पाहिलं. सरांनी स्टूल पुढं सरकवलं. "बसा आजी. कुठल्या गोळ्या?"

निर्मलानं नाव सांगितलं. सिद्धीची नजर तिसऱ्या फळीवर गेली.

"आकडा त्यामुळंच फिरला, असं छातीठोक सांगता येणार नाही," सर म्हणाले. "पण नियम मोडला म्हणजे नमुना बाद. आजी, तुम्ही सांगितलंत हे फार बरं केलंत. नाहीतर आम्ही सहा महिने मीठच तोलत बसलो असतो."

सरुबाई आता कुठं स्टुलावर टेकली. तेवढ्यात सिद्धी वहीची पानं मागं उलटू लागली.

"सर, एक बघा. आजींचं रक्त मशीनमध्ये फिरवलं तेव्हा खाली तांबडा थर फार लहान बसला होता. पिंटूच्या आणि माझ्या जवळपास दोन तृतीयांश. मी लिहून ठेवलंय. मला वाटलं, नळीत रक्तच कमी आलं असेल."

सर खुर्ची ओढून सरुबाईच्या समोर बसले. अंगातच तांबड्या पेशी कमी असतील, हे ध्यानात येऊन त्यांचा सूर बदलला होता. "आजी, पोटात आग होते का?"

"व्हती कधी कधी. सोडा पिते."

"शौचाला काळं होतं? डांबरासारखं?"

सरुबाईनं सुनेकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. असल्या गोष्टी परक्या पुरुषाला सांगायच्या तर कशा? "दिवाळीपासनं," ती अखेर म्हणाली. "मला वाटलं बाजरीनं व्हत असंल."

"जिना चढताना दम लागतो?"

"वय झालं की."

औटी सरांनी आणखी काही विचारलं नाही. "मी डॉक्टर नाही," ते निर्मलाला म्हणाले, "पण यांना आजच्या आज नारायणगावला ने. आज म्हणजे आज. आणि त्या गोळ्या यापुढं एकही नाही."

गोरक्ष बाजारातून परस्पर दवाखान्यात आला. हिमोग्लोबिन आठाच्याही खाली निघालं. डॉक्टरांनी पोटात दुर्बीण घालून पाहिली. जठरात जखम होती आणि तिथून थोडं थोडं रक्त कित्येक दिवस जात होतं. आणखी दोन महिने असंच चाललं असतं तर एखाद्या दिवशी एकदम उलटीतूनच पडलं असतं, असं ते म्हणाले. रक्ताची एक पिशवी चढवली, चार दिवस ठेवून घेतलं, लोहाच्या आणि जठराच्या गोळ्या दिल्या. गुडघ्यासाठी व्यायाम शिकवला, आणि फार दुखलं तर कुठली साधी गोळी, किती, आणि कुणाला विचारून, ते लिहून दिलं.

"गोळ्या सुटल्या म्हणायच्या तर ह्या बाकीच्या आल्या," सरुबाई कॉटवरून कुरकुरली. गोरक्ष पायाशी बसला होता. तो एवढंच म्हणाला, "आये, सांगायचं व्हतंस ग." मग उठून बाहेर गेला आणि बराच वेळ पिकअपच्या टपावरचे दोर बांधत बसला. दोर आधीच बांधलेले होते.

तिसरा नमुना अजून हवाच होता. निर्मलानं सिद्धीला विचारलं, "माझं चालेल का?" चालणार नव्हतं, कारण आठवड्यातून दोनदा तरी डोकेदुखीची गोळी ती घ्यायची. "मग पंधरा दिवस थांबतेस का?" निर्मला म्हणाली. सिद्धी थांबली.

ते पंधरा दिवस सोपे गेले नाहीत. पाचव्या दिवशी डोकं असं उठलं की लॅबमधल्या पंख्याचा आवाजही सोसेना. निर्मलानं कपाळाला ओला रुमाल बांधला आणि नळ्या धूत राहिली. नवव्या दिवशी पुन्हा. त्या दिवशी सरुबाईनं विचारलं, "एक गोळी घितलीस तर कुनाला कळनार हाय?" आणि विचारल्यावर स्वतःच जीभ चावली. सोळाव्या दिवशी निर्मलानं रक्त दिलं. अर्जावरचे प्रश्न सिद्धीनं एकेक मोठ्यानं वाचून विचारले आणि प्रत्येकाचं उत्तर ऐकून मगच लिहिलं. तेव्हापासून लॅबमध्ये तोच रिवाज पडला.

या वेळी औषध न घातलेल्या नळीतलं पाणी लालभडक झालं. आकडे आधीच्या दोघांशी जुळले. अंतिम हिशोबात डायक्लोफेनॅकनं शंभरातल्या एक्याऐंशी पेशी वाचवल्या होत्या, तर सुजमोडीच्या सगळ्यात दाट अर्कानं चौपन्न. पातळ अर्कानं फार काही केलं नव्हतं.

सिद्धी हे सांगायला स्वतः निमगावला आली. सरुबाईनं तिच्यासाठी कांदा-लसूण न घालता पिठलं केलं होतं.

"चौपन म्हंजी पास ना ग?" तिनं विचारलं.

"पास आहे आजी. पण हे काचेच्या नळीतलं आहे. माणसाच्या अंगात काय होतं, ते याच्यावरून सांगता येत नाही. मी तसंच लिहिलंय."

"आन् माजं? माजंबी लिवलंस?"

सिद्धीनं मान हलवली. "एक नमुना बाद केला, कारण देणाऱ्यानं औषध घेतलं होतं, एवढं लिहावं लागलं. नाव नाही कुणाचं. आभाराच्या पानावर मात्र तुमचं नाव आहे. पाला तुम्ही दाखवलात म्हणून."

सरुबाईनं ते पान निर्मलाकडून दोनदा वाचून घेतलं. इंग्रजीत असल्यानं आपलं नाव कुठं आहे ते तिनं बोट ठेवून दाखवायला लावलं. मग पिठलं वाढता वाढता म्हणाली, "नाव न्हाई लिवलंस ते बरं केलंस. पन मी सांगनारच हाय समद्यांना."

आणि तिनं तसं केलं. सुरुवातीला लोकांना ते आवडलं नाही. दोघी-तिघींनी पाठीमागं तोंडं वेंगाडली. पाल्याला येणारी माणसं महिनाभर कमी झाली, मग पुन्हा येऊ लागली, आधीइतकी नाही. सुनीलनंही वहीत काही नावं लिहून काढली आणि त्या माणसांना डॉक्टरची चिठ्ठी मागायला लागला. त्यावरून त्याचं चौघांशी भांडण झालं.

एप्रिलमध्ये डिंगोऱ्याहून गेणभाऊ नावाचे गृहस्थ मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून आले. निर्मलाला त्या दिवशी सुट्टी होती. गेणभाऊंनी धोतर वर करून गुडघा दाखवला.

"लई दुखतोय, सरुबाई. तुमचं नाव ऐकून आलो."

सरुबाईनं गुडघा दाबून पाहिला, हलवून पाहिला. "किती दिस झालं?"

"तीन वरसं."

"गोळ्या घेताय?"

गेणभाऊंनी मुलाकडं पाहिलं. "अधनंमधनं."

"अधनंमधनं म्हंजी रोज," सरुबाई म्हणाली. "मीबी तसंच म्हनत व्हते. पोटात आग व्हती का?"

गेणभाऊंनी धोतर खाली ओढलं. सरुबाईनं त्यांना पाणी दिलं, आणि मग आपली सगळी हकीकत, काळं शौच आणि रक्ताची पिशवी यांच्यासकट, त्यांच्यापुढं मांडली. निर्मला दारात उभी राहून ऐकत होती. तीन महिन्यांपूर्वी याच बाईला औटी सरांपुढं मान वर करता येत नव्हती.

"पाला न्हाई देनार व्हय मग?" शेवटी गेणभाऊंनी विचारलं. वीस-पंचवीस मैलांवरून आलेल्या माणसाचा हिरमोड झाला होता.

"ह्या गुडघ्याला न्हाई. तुमी असं करा पावणं, आधी नारायणगावला जावा, रक्त तपासा. पोरा, तू घिऊन जा त्यांना, आजच." मुलगा हो म्हणाला. गेणभाऊ पुटपुटत उठले, मोटारसायकल सुरू झाली आणि रस्त्याला लागली.

"रागावून गेले," निर्मला म्हणाली.

"जाऊ दे की," सरुबाई म्हणाली. "दवाखान्यात गेले म्हंजी झालं." मग तिनं भिंतीला धरलं आणि डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम करू लागली. पाय सरळ, दहा आकडे, खाली. पाचव्या आकड्याला ती चुकली, आणि पुन्हा एकपासून मोजू लागली.